पहिली हातची कोल्हापुरी घेताना

भावा, उन्हाळ्यासाठी पहिल्यांदाच हातची कोल्हापुरी घेतोयस, तर कोल्हापुरातल्या चपलांच्या बाजाराला, चप्पल लाईनला, सकाळी नको, संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, तेव्हाचं माप खरं. चप्पल उलटी करून बघ. हातच्या चपलेचा तळ चामड्याच्या वादीनं शिवलेला असतो, खिळे नसतात. २०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्या अस्सल मालाची सरकारी ओळख मिळाली, तरी त्याच नावावर रेक्झिनही खपतंय. पहिले आठ दिवस ती चावणारच. आतून खोबरेल लाव, घरातच घालून फिर. मी पहिली जोडी थेट लग्नात घातली आणि अनवाणी घरी आलो! वळीव आला की मात्र गुमान काढून पिशवीत टाक.

चपलेसोबत कोल्हापूरजवळच्या हुपरीचे चांदीचे दागिने घालणार असशील, तर ती चांदी घामानं काळवंडते, रोज पुसायची. एवढंच.

उन्हासाठी गॉगलही घेशील, तर फ्रेमवर भुलू नकोस. हातानं घडवलेली लाकडी फ्रेम झकास दिसते, पण काच ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतची, उन्हातली अतिनील (यूव्ही) किरणं अडवते का, ते चष्मेवाल्याकडं तपासून घे. नुसती गडद काच उलट वाईट. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरणं जास्तच आत जातात. रस्त्यावरचा शंभराचा गॉगल फोटोपुरता ठेव.