जळगाव-भुसावळकडे ऑइल पेस्टलचा एकच खडू, उदाहरणार्थ पांढरा, सुटा का मिळत नाही?

मुख्य कारण असे की, शाळकरी वापराचे ऑइल पेस्टल कंपनीकडून डबाबंद संच म्हणूनच येतात आणि छापील किंमत डब्यावर असते, खडूवर नसते. त्यामुळे दुकानदाराने एक पांढरा काढून दिला, तर उरलेला डबा त्याच्याच गळ्यात पडतो. इतर रंग एकमेकांत मिसळण्यासाठी पांढराच घासला जात असल्याने तो आधी संपतो, आणि जांभळा, तपकिरी मात्र डब्यात तसेच लोळत राहतात. केळीच्या बागा नि सातपुडा रंगवणाऱ्यांचा हिरवाही फार टिकत नाही, हे ओघाने आलेच.

सेनेलिए या फ्रेंच कंपनीच्या खडूंसारख्या, खास चित्रकारांसाठीच्या खडूंचे रंग मात्र क्रमांकानुसार सुटे विकले जातात. त्यांच्या किमती चढ्या असतात, म्हणून फक्त पांढरा तसला मागवावा आणि बाकीचे साधेच वापरावेत, असे माझे मत आहे. खडूभोवतीचा कागद फाडण्यापूर्वी त्यावरचा क्रमांक लिहून ठेवावा. मागणी शक्यतो हिवाळ्यात नोंदवावी. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे सरकला की पार्सलमधले खडू मऊ पडून एकमेकांना चिकटू शकतात.