वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकावर लिनक्स

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या संगणकावर विंडोज १० आहे आणि तो विंडोज ११ स्वीकारत नाही. चादरींच्या छोट्या व्यवसायाची बिले आणि मुलीचा अभ्यास त्यावरच चालतो. लिनक्स घ्यावे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : लिनक्स ही विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली आहे; तिचा अवश्य विचार करावा. विंडोज १० चा नियमित आधार (म्हणजे कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी तेवढ्यावरून चालता संगणक भंगारात काढणे मला अजिबात पटत नाही. लिनक्सच्या ‘मिंट’ या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती विनामूल्य आहे आणि ४ जीबी रॅमवर ती चांगली चालते. पेन ड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून पाहता येते. तेव्हा वाय-फाय, आवाज आणि विशेषतः प्रिंटर नीट तपासावा. प्रत्यक्ष स्थापनेत डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून सर्व फायलींची प्रत आधीच बाहेर काढून ठेवावी.

बिलांसाठी लिबरऑफिस कॅल्क पुरेसे आहे. ते एक्सेलच्या फायली उघडते, मात्र मॅक्रो (फाईलमध्ये साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या फायली अडखळू शकतात. बिले टॅलीत असतील तर थांबावे, कारण टॅली विंडोजसाठी बनलेले आहे आणि हिशेबाच्या बाबतीत धोका पत्करू नये.

मराठीची अडचण नाही. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-पद्धतीतील मजकूर जसाच्या तसा दिसतो. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि त्यातील जोडाक्षरे स्वतः तपासावीत.