झाडांना अँटिबॉडी नसतात, मग ती रोगाशी लढतात कशी?

तुम्ही विचारलंय, की झाडांना ना अँटिबॉडी, ना पांढऱ्या पेशी, मग ती बुरशीला आणि अळीला तोंड कसं देतात, आणि प्रत्येक झाडाचं हत्यार वेगळं का. मी नाशिकला वनस्पतिशास्त्र शिकवते, घरची टोमॅटोची शेती जवळच्याच गिरणारे गावात आहे. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

मुळ्याचं बी घ्या. अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या थाळीत बुरशी लावायची आणि साल किंचित चिरलेलं बी मधे ठेवायचं. काही दिवसांत बुरशी थाळीभर पसरते, पण बियाभोवती स्वच्छ रिंगण राहतं. पहिल्यांदा पाहणारी मुलं थाळी सोडतच नाहीत. बियातून बुरशीला रोखणारं डिफेन्सिन पाझरलेलं असतं. हे जेमतेम ५० अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण छोटी साखळी. रुजताना साल तडकते, कोंब उघडा पडतो, तेव्हाच ते बाहेर येतं.

आता विविधता. डिफेन्सिनमध्ये सिस्टीन नावाची अमिनो आम्लं साधारणपणे ८ असतात आणि त्यांच्या ४ गाठी साखळी घट्ट बांधून ठेवतात. गाठी शाबूत असल्या की मधली अमिनो आम्लं बदलली तरी साखळीची घडी, म्हणजे तिचा आकार, मोडत नाही. त्यात जनुकाच्या जादा प्रती पडतात. एक जुनं काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या एवढ्याशा रोपात डिफेन्सिनसारखी ३०० हून अधिक जनुकं आहेत. सगळी लढणारी नाहीत हं, काही तर परागनलिकेला बीजांडाकडे बोलावतात!

टोमॅटोची तऱ्हा वेगळी. अळीनं पान कुरतडलं, की १८ अमिनो आम्लांचं सिस्टेमिन हे पेप्टाइड सुटतं. ते अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ क्लॅरेन्स रायन यांच्या गटानं १९९१ मध्ये शोधलं. ते स्वतः कुणाला मारत नाही, जास्मोनिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाचा इशारा वाढवतं. मग न कुरतडलेल्या पानांतही अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. बटाटा-मिरचीत सिस्टेमिनची भावंडं सापडतात. तंबाखू त्याच कुळातला, पण तिथे हे काम करणारी पेप्टाइडं निराळ्याच घडणीची आहेत.

मला सगळ्यात नवल वाटतं ते कुंपणावरच्या गोकर्णाचं. त्यात सायक्लोटाइड नावाची, किडीपासून वाचवणारी पेप्टाइडं असतात, दोन्ही टोकं जोडलेली, बांगडीसारखी. टोकच मोकळं नाही, त्यामुळे टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) ती दाद देत नाहीत. बनफशाच्या (व्हायोलेटच्या) कुळातही सायक्लोटाइड आहेत. पण गोकर्णानं ती अल्ब्युमिन या शेंगावर्गीयांच्या जुन्या प्रथिनाच्या जनुकातच बसवली आहेत. वाटाण्यात त्याच जागी अल्ब्युमिनचा एक तुकडा असतो.