घरी भाजलेल्या कॉफीची चव दर वेळी वेगळी का येते? दोन भाजण्यांची तुलना कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की कढईत कॉफीच्या कच्च्या बिया भाजता, रंग दर वेळी सारखाच येतो, तरी एकदा कॉफी छान आंबटगोड लागते आणि पुढच्या वेळी त्याच बियांची कॉफी अगदी मिळमिळीत. मी पुण्यात, कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत चार वर्षं बिया भाजतोय आणि त्यातलं पहिलं अख्खं वर्ष याच कोड्यात गेलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही रंगावर भिस्त ठेवताय, तिथेच फसगत होतेय. त्या रंगापर्यंत बी किती वेळात पोचली, यावर चव ठरते. थालीपिठाची भाजणी करणाऱ्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. मोठ्या आचेवर भरभर भाजलेली डाळ वरून लालसर दिसते, पण दळल्यावर कच्चट लागते. कॉफीचंही तसंच. फरक इतकाच की कॉफीला फार मंद आचही मानवत नाही.

कढईत काय घडतं ते बघा. कच्च्या बीत साधारण 10 ते 12 टक्के पाणी असतं. पहिली काही मिनिटं ते पाणी उडण्यात जातात. हिरवट-करडी बी पिवळी होते आणि ओल्या गवताचा वास जाऊन भाजक्या पावाचा वास सुटतो. मग साखर आणि अमिनो आम्लांची मेलार्ड प्रक्रिया जोर धरते, तिच्यातून तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. बीच्या पोटात वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि बी फुटते. हा फर्स्ट क्रॅक. लाह्या फुटतात तसा सुटा, ठळक आवाज येतो. बी तेव्हा 195 ते 200 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थोड्या शांततेनंतर 225 अंशांच्या सुमारास सेकंड क्रॅक येतो, बारीक आणि भराभर, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. तिथून बीवर तेल दिसायला लागतं. थर्मामीटर नसला तरी चालेल, हे दोन आवाज ओळखता आले की काम होतं.

माझे डोळे ज्या प्रयोगाने उघडले तो सांगतो. चिकमगळूरची धुतलेली (म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून वाळवलेली) अरेबिका जातीची बी, 'प्लँटेशन ए' या प्रतीची, एकाच पिशवीतली. 150 ग्रॅमचे तीन घाणे, तिन्ही रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणलेल्या त्याच बिडाच्या कढईत. तिन्ही घाणे भाजून 128 ग्रॅमच्या आसपास उतरवले, म्हणजे घट साधारण 15 टक्के. बदलला फक्त वेग. पहिल्यात फर्स्ट क्रॅक सहाव्या मिनिटाला आला आणि सातव्याला मी बिया उतरवल्या. दुसऱ्यात क्रॅक नऊ मिनिटांनी, उतरवल्या पावणेअकरा मिनिटांनी. तिसऱ्यात क्रॅकलाच चौदा मिनिटं लागली, उतरवल्या सतराव्या मिनिटाला.

ताटात शेजारी ठेवल्यावर तिन्ही बिया मला तरी सारख्याच दिसल्या. चार दिवसांनी दळल्या तेव्हा फरक कळला. पहिल्या घाण्याची पूड बीच्या सालापेक्षा स्पष्टपणे फिकट होती, म्हणजे आच आतपर्यंत पोचलीच नव्हती. तिची कॉफी कैरीसारखी आंबट, आणि घोट गिळल्यावर जिभेवर मटाराच्या सालीचा हिरवटपणा. दुसरीत संत्र्याचा आंबटपणा होता आणि मागून काकवीची गोडी. तिसरी म्हणजे तुम्ही म्हणता तीच मिळमिळीत कॉफी: ना आंबट ना गोड, कोरड्या टोस्टसारखी. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने तिन्ही कप चाखले आणि मधल्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही खमंग आहे रे. ती शेवटची नुसती शिजलीय, भाजली नाहीये."

इतक्या नेमक्या शब्दांत मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या त्या फसलेल्या घाण्यातही बहुधा हेच झालं असावं. मध्येच गॅस कमी केला असेल, किंवा कढईत बिया जास्त झाल्या असतील.

आता तुम्ही काय करावं? पेन, वही, मोबाइलवरचं घड्याळ आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एवढं पुरे. दर घाण्याला कच्चं वजन, बी पिवळी कधी झाली, क्रॅक कधी आला, उतरवली कधी आणि भाजून वजन किती भरलं, हे लिहा. आधी क्रॅक नऊ-दहा मिनिटांवर आणायचा सराव करा. तो हातात बसला की मग क्रॅकनंतरचा वेळ बदलून बघा: पाऊण मिनिट, दीड मिनिट, अडीच मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. लाइट, मीडियम, डार्क हे शब्द प्रत्येक जण आपापल्या परीने वापरतो, वजनातली घट मात्र काट्यावर दिसते. माझ्या कढईत 12-13 टक्क्यांना लाइट, 15 च्या आसपास मीडियम आणि 18 च्या पुढे डार्क चव येते.

बिया उतरवल्या की स्टीलच्या चाळणीत ओतून पंख्याखाली धरा आणि चार मिनिटांत गार करा. नाहीतर त्या स्वतःच्या उष्णतेने भाजतच राहतात आणि वहीत लिहिलेली वेळ खोटी ठरते. फोलपटं सुपात पाखडली की झटक्यात जातात, पण घरात पाखडू नका, आठवडाभर केर काढत बसाल.

तुलना करताना कॉफी चमच्याने मोजू नका. डार्क बी फुगलेली आणि हलकी असते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात कॉफी कमी भरते आणि ती पचपचीत आहे असा गैरसमज होतो. कपाला 10 ग्रॅम जाडसर पूड आणि उकळी थांबल्यावरचं 180 मिलिलिटर पाणी घ्या. चार मिनिटांनी वर जमलेली पुडीची साय चमच्याने मोडा, फेस काढा आणि आणखी थोडं निवू द्या. मग चमच्याने मोठ्ठा भुरका मारा. कढी भुरकतो तसाच, लाजायचं नाही, कारण हवेबरोबर वास नाकात चढतो. गरम असताना सगळे कप बरे लागतात. कोमट झाल्यावर गोडी आणि आंबटपणा कळतो, आणि गार झाल्यावर दोष उघडे पडतात. कपांच्या बुडाला चिठ्ठ्या लावून घरातल्या कुणालातरी त्यांची अदलाबदल करायला सांगा. कुठला कप कुठला हे माहीत असलं की जीभ आपल्याच मेहनतीच्या बाजूने बोलते.

तिन्ही घाणे एकाच दिवशी भाजलेले असू द्या. ताज्या भाजलेल्या बीतून वायू निघत असतो, म्हणून तीन-चार दिवस थांबा. आणि पाणी! एका एप्रिलमध्ये माझी आवडती भाजणी अचानक बोथट लागायला लागली. दोन आठवडे मी वेळा बदलत बसलो, पाच-सहा घाणे वाया घालवले. मग लक्षात आलं की सोसायटीत टँकरचं पाणी येत होतं. ते बोअरचं, जड पाणी. त्यातले बायकार्बोनेट कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. खडकवासल्याचं नळाचं पाणी परत आल्यावर तीच भाजणी पुन्हा रसरशीत लागली. तेव्हापासून तुलनेच्या दिवशी मी पाणी आधी भरून ठेवतो.

तुम्ही दुधाची कॉफी पीत असाल, पुण्यात वैशाली किंवा रूपाली हॉटेलात पितो तशी, तर वरचा हिशोब थोडा बदला. लाइट भाजणी दुधात आंबट आणि फिकी लागते. सेकंड क्रॅकचे पहिले दोन-चार आवाज ऐकू आले की उतरवा. थोडी धुतलेली रोबस्टा (कॉफीची दुसरी, जास्त कडक जात) वेगळी भाजून मिसळली तर दुधातही कॉफी उठून दिसते.

शेवटी तुम्ही विचारलेल्या मॉन्सून्ड मलबारबद्दल. ही बी पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात ठेवून मुद्दाम फुगवलेली असते, त्यामुळे ती आधीच पिवळसर दिसते. तिच्यात "पिवळी कधी झाली" हे डोळ्यांनी कळत नाही, तिथे पावाचा वास येण्याची वेळ लिहा. बी मऊ असते, म्हणून सुरुवातीची आच एक पायरी खाली ठेवा. आणि तिच्यात संत्र्याचा आंबटपणा शोधू नका, तिच्यात आम्ल मुळातच कमी असतं. तिची तुलना तिच्याच दुसऱ्या घाण्याशी करा, चिकमगळूरच्या धुतलेल्या बीशी नको.