वाचक विचारतात : घरशाळेतल्या मित्रांसोबत रानात एक दिवस

आम्ही तीन कुटुंबं मिळून नाताळच्या सुट्टीत दिवसभराच्या सहलीला जाणार आहोत. आमची मुलं शाळेत जातात, बाकीच्या दोन घरांत होमस्कूलिंग आहे. मोठी माणसं सहा, मुलं नऊ, वयं 4 ते 13. कवडीपाट, भुलेश्वर, मोरगाव, जेजुरी आणि येताना मस्तानी तलाव असा बेत आहे. वेळ पुरेल का? — एक वाचक, कोथरूड

नाही पुरणार. घड्याळाच्या हिशोबाने ओढूनताणून बसवलंत तरी नऊ मुलांना गाडीतून उतरवणं, कुणाची चप्पल शोधणं, कुणाला शू लागणं यातच प्रत्येक थांब्याला अर्धा तास जातो. त्यात तुमच्या सोबतच्या दोन घरांची चाल वेगळी असणार. रोजचा दिवस तासिकांत कापलेला नसला की मुलं एका जागी रमली तर दीड-दोन तास हलत नाहीत, आणि आई-बाप हलवतही नाहीत. शाळेच्या घरातली माणसं तेव्हा घड्याळ बघायला लागतात. अशा सहलींत कुरबूर होते ती बहुतेक इथेच, म्हणून आधीच बोलून घ्या.

कवडीपाट आणि भुलेश्वर ही दोनच ठिकाणं ठेवा. दोन्ही सोलापूर रस्त्याच्या बाजूची आहेत. मोरगाव-जेजुरीचा वेगळा दिवस करा.

पुण्यातून सव्वासहाला निघालात तर लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला उजाडताना पोचाल. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या पुढेच उगवतो. मुळा-मुठेच्या पात्रातल्या जुन्या बंधाऱ्याभोवती चक्रवाक, थापट्या, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, चित्रबलाक, धोबी असे पक्षी दिसतात. दुर्बीण 8 पट मोठं दाखवणारी घ्या. 10 पटवाली मुलांच्या हातात थरथरते आणि पक्षी सापडतच नाही. सहाच्या खालच्या मुलांना दुर्बीण देऊन उपयोग नाही, ती उलटी धरूनच खूश असतात, ते चालू द्या. एक मात्र सक्त पाळा : पाण्याला हात लावायचा नाही. शहराचं सांडपाणी त्याच पात्रातून येतं. बंधाऱ्याचे दगड शेवाळलेले असतात, त्यावर चढू देऊ नका. निघताना साबणाने हात धुवा, मग खाऊ.

नऊला निघून यवतहून उजवीकडे वळलात की दहाच्या सुमारास भुलेश्वर. यादवकालीन महादेवाचं देऊळ. सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने इथे दौलतमंगळ किल्ला बांधला, त्यामुळे बाहेरून देऊळ वाटतच नाही. आत अंधार असतो, दोन-तीन टॉर्च हवेतच. उजेड समोरून टाकला की कोरीवकाम सपाट दिसतं. टॉर्च भिंतीलगत धरून बाजूने तिरका उजेड टाका, मग दागिन्यांची घडण आणि बोटं सुटी दिसू लागतात. स्त्रीरूपातला गणपती शोधायला सांगा, पण जागा सांगू नका. महादेवाचं देऊळ असल्याने सोमवार टाळा.

साडेतीनला परत निघा. त्यानंतर निघालात तर हडपसरला ऑफिस सुटल्याच्या गर्दीत सापडाल.

वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र काय करायला द्यावं? मी वर्कशीट तयार करून नेण्याचा विचार करतेय. — एक वाचक, सिंहगड रस्ता

वर्कशीट घरीच ठेवा. वर्कशीट हातात आलं की मुलं कागदाकडे बघतात, रानाकडे नाही. आणि चार वर्षांच्या पोराला काही करताच येत नाही म्हणून ते दुसऱ्याचं फाडतं. प्रत्येकाला आपापल्या उंचीवरून हात घालता येईल असं एकच काम हवं. त्यासाठी काठीच्या सावलीसारखं दुसरं काही नाही.

सामान : एक मीटर लांबीची सरळ काठी, चार मीटर सुतळी, दोरा आणि एक छोटा दगड, भिजवलेल्या मातीची लाडवाएवढी गोळी, मापनपट्टी, घड्याळ. उघड्यावरची सपाट जागा निवडा. उतारावर सगळं गणित चुकतं. ताटलीत पाणी ओतून ते एका बाजूला जातंय का ते पाहा, म्हणजे उतार कळेल. काठी जमिनीत रोवा आणि दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करून दोन बाजूंनी तपासा. एकाच बाजूने तपासलं तर दुसरीकडे कललेली राहते, हे हमखास होतं.

काठीच्या टोकाची सावली पुसट पडते. सूर्य ठिपका नाही, तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर काठीला कडा एखादा सेंटिमीटर धूसर होते. म्हणून टोकावर मातीची गोळी बसवायची. गोळीच्या सावलीचा मध्य डोळ्यांना नीट सापडतो.

बरोबर 11 वाजता त्या मध्यावर खडा ठेवा. सुतळीचं एक टोक काठीच्या बुडाशी धरून, दुसरं खड्याशी ताणून, जमिनीवर पूर्ण वर्तुळ काढा. हे धाकट्यांचं काम, आणि ते मनापासून करतात. मग सगळ्यांना सोडून द्या. देऊळ बघा, जेवा, झोपा. सावली वर्तुळाच्या आत शिरते, आखूड होत जाते, मग पुन्हा लांबते. दोन वाजल्यापासून एकाने पहारा द्यायचा. गोळीची सावली वर्तुळाला परत टेकली की तिथे दुसरा खडा आणि वेळेची नोंद. डिसेंबरअखेर ती वेळ 2 वाजून 10 मिनिटांच्या आसपास येते.

दोन खडे सुतळीने जोडले की ती रेघ पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यातून काठीच्या बुडाकडे जाणारी रेघ उत्तर-दक्षिण. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्गणितात याच काठीला शंकू म्हणतात. मोबाईलच्या होकायंत्राशी ताडून बघा. पण गाडीपासून लांब, लोखंडाजवळ ते खोटं बोलतं.

आता मोठ्या मुलांसाठी खरी गंमत. 11 आणि 2:10 यांचा मध्य किती? 12:35. म्हणजे सूर्य डोक्यावर बाराला आलाच नाही. भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, पुणे 73.85 अंशांवर. फरक 8.65 अंश, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं. उत्तर साडेचौतीस मिनिटं येतं. हे तुम्ही सांगू नका. ‘बारा का नाही?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. हाच प्रयोग नोव्हेंबरच्या सुरुवातीला केला तर 12:18 येतं आणि फेब्रुवारीच्या मध्यात 12:49. त्याचं कारण पृथ्वीची लंबगोल कक्षा आणि कललेला अक्ष. तेरा वर्षांच्या मुलाला ते पुरेल.

नुसतं सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायला गेलात तर फसाल. माध्यान्हीच्या आसपास पाच-सात मिनिटांत सावली मिलिमीटरभरसुद्धा बदलत नाही. म्हणून वर्तुळाचा खटाटोप.

बाकी वेळेला हाताशी दोन गोष्टी पुरेत. एक लिंबू. ओढ्याच्या काठी काळ्या मातीत पांढुरके खडबडीत खडे सापडतात, ते चुनखडीचे कंकर. त्यावर रस पिळला की फेस येतो. काळ्या बेसॉल्टवर येत नाही. देवळाच्या किंवा किल्ल्याच्या भिंतीवर हा प्रयोग करायचा नाही, जुन्या बांधकामात चुना असतो. दुसरं, समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मोजा. एकावर एक साचलेले लाव्हाचे थर झिजून त्या तशा झाल्यात, आणि हा खडक साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कुणी कंटाळलं तर कंटाळू द्या. अर्ध्या तासात ते आपलं आपण काहीतरी काढतं.

डबा प्रत्येकीने एकेक पदार्थ आणायचा ठरलंय. मागच्या वेळी दहीभात आंबला आणि पोळ्यांना घाम सुटला. काय न्यावं? — एक वाचक, औंध

पोळ्यांना घाम सुटतो तो गरम भरल्याने. वाफ झाकणाला लागून परत पोळीवर पडते. जाळीवर किंवा सुती कापडावर पूर्ण गार करा, मगच डब्यात ठेवा, आणि डब्यात खाली-वर कापड घाला. पोळ्यांऐवजी दशम्या न्या. पाण्याऐवजी दुधात भिजवल्याने त्या मऊ राहतात. 10 वाट्या कणकेला साधारण साडेतीन ते चार वाट्या दूध, दोन चमचे तेल, मीठ. एका वाटीच्या चार होतात. मोठ्यांना तीन आणि मुलांना दोन धरल्या तर पहिल्या पत्रातल्यासारख्या पंधरा जणांच्या गटाला 40 पुरतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, लिंबाचं लोणचं. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर नको. काकड्या अख्ख्या न्या आणि तिथे चिरा.

दहीभात आंबतो कारण तो सकाळीच दही घालून तयार केलेला असतो. तो वाटेत लागला पाहिजे. 2 वाट्या तांदळाचा भात तिप्पट पाणी घालून मऊ शिजवा, कोमट असताना घोटा, त्यात 4 वाट्या कोमट दूध आणि फक्त 2 चमचे दही. फोडणी गार करून घाला. दूध कढत असेल तर विरजण मरतं आणि दुपारी दूधभात निघतो. थंडीत डबा टॉवेलात गुंडाळा, नाहीतर लागतच नाही. सहाला भरला की एकपर्यंत बेताचा लागतो.

पाणी मोठ्यांना दीड लिटर, मुलांना एक. पंधरा जणांना 18 लिटर होतं, म्हणून 20 लिटरचा एक जार. हात धुवायचं पाणी वेगळं. चिप्स-चॉकलेट चालतं की नाही ते ग्रुपवर आदल्या दिवशीच ठरवा. एका घरात चालतं आणि दुसऱ्यात नाही, हे देवळाच्या पायरीवर उमगलं की रडारड अटळ.

सुनेच्या मैत्रिणींच्या मुलांबरोबर मीही जाणार आहे. ती मुलं शाळेत जात नाहीत. त्यांच्याशी काय बोलावं, आणि परीक्षेचं विचारलं तर आई-वडिलांना राग येईल का? — एक आजी, हडपसर

आजी, राग परीक्षेचा येत नाही, मुलांसमोर परीक्षा घेतल्याचा येतो. ‘कितवीत आहेस?’ याला त्या मुलांकडे सरळ उत्तर नसतं. त्यापाठोपाठ ‘बरं, सतरा साते किती?’ आलं की मूल मिटतं. ‘सध्या काय चाललंय तुझं?’ असं विचारून बघा, मग थांबवावं लागेल. ती मुलं मोठ्यांना नावाने हाक मारतील, बोलण्यात मध्ये प्रश्न विचारतील. तो उद्धटपणा नसतो, दिवसभर मोठ्यांत राहण्याची सवय असते. उद्धटपणा असेल तेव्हा तुम्हाला तो कळेलच.

परीक्षेचं असं : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी वयाची 14 वर्षं पूर्ण झाली की देता येते. लहानांसाठी तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे त्यांचेच तीन स्तर आहेत. आणि तुम्ही नुसत्या सोबत जाऊ नका. जात्यावरची एखादी ओवी, बाभळीचा डिंक कसा काढायचा, रुई कुठली आणि धोतरा कुठला, हे त्या गाडीत बहुधा फक्त तुम्हालाच माहीत असेल.

माळावर साप-विंचू आणि किल्ल्यांवर मधमाश्या यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, चिंचवड

मधमाश्यांचं आधी. कड्याला किंवा कमानीला लटकलेलं मोठं, एकच पोळं आग्यामोहोळाचं. दिसलं की लांबून वळसा. शेकोटी, अगरबत्ती, अत्तर, दगड यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्या तर झटकायचं नाही, खाली झोपायचं नाही. तोंड-डोकं ओढणीने झाकून धावत सुटायचं, बंद गाडीत किंवा खोलीत शिरायचं. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंघावत राहतात. काटा जितका लवकर निघेल तितकं बरं, नखाने खरवडा. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर 108 ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.

दगड उलटायची मुलांना हौस असतेच. बंद करू नका, रीत शिकवा : पलीकडची कड काठीने धरून आपल्याकडे उचलायची. दगड ढालीसारखा मध्ये राहतो आणि खालचा विंचू पलीकडे पळतो. मग दगड होता तसा अलगद ठेवायचा. पायात बूट, लांब पँट. फुरसं माळावर दगडांच्या आडोशाला असतं आणि पटकन दिसत नाही. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही. अंगठी-पैंजण काढा, चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर करा, मुलाला चालवू नका आणि सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. ते जवळचं कुठलं, हे निघायच्या आधी शोधून ठेवा.

या दोन्हींपेक्षा आम्हाला खाणीतलं साचलेलं पाणी जास्त घातक वाटतं. काठ उभे तासलेले असतात, एका पावलात पाच-सहा मीटर खोल. तिथे पाय बुडवायलाही थांबू नका. मुलांच्या जोड्या लावा आणि तीन मुलांमागे एक मोठं माणूस नावानिशी ठरवा. ‘सगळे लक्ष ठेवू’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

आम्हाला उन्हाळ्याशिवाय जमत नाही. मे महिन्यात भुलेश्वर चालेल? — एक वाचक, धनकवडी

माळ दुपारी तापून निघतो, पक्षी गेलेले असतात. सकाळी सहा ते नऊ जाऊन परत या. सावलीचा खेळ मात्र मेमध्येच खास. महिन्याच्या मध्यात, 13-14 तारखेला, पुण्यात 12:31 च्या सुमारास उभ्या काठीला सावलीच नसते. दुसरा असा दिवस जुलैअखेर येतो, पण तो बहुतेक ढगांत जातो. त्यासाठी गावाबाहेर जायलाही नको. गच्चीवर उलटा ठेवलेला स्टीलचा पेला पुरतो, आणि अनवाणी जाऊ नका, फरशी पोळते.