आईची कंबर चार महिने झाले दुखतेय, फिजिओथेरपीने खरंच फरक पडतो का?

पडतो की, पण नुसतं मशीन लावून नाही. आमची आई पण इथं सोलापुरात विड्या वळते, दिवसभर मांडीवर सूप घेऊन वाकून बसायचं म्हटल्यावर कंबर धरणारच. १२ आठवड्यांच्या वर गेलेलं दुखणं जुनाट धरतात आणि त्यात खरं काम व्यायामाचं, शेक आणि करंटने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एका ठिकाणी १० दिवस फक्त मशीनच, पैसे गेले. मग दुसऱ्या मॅडमनी पाठीवर झोपून कंबर उचलायचा ब्रिज शिकवला, अर्ध्या अर्ध्या तासाने उठून चालायला लावलं, दीड महिन्यात फरक दिसला बघा. झोपवून ठेवू नका. पण पायातली ताकद गेली, जांघेत बधिर झालं किंवा लघवीवर कंट्रोल राहिना तर व्यायाम बियाम सोडा, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.