घाटात न्यूट्रल, टाकीत डांबरगोळी आणि न विझणारा निळा दिवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१७ची पेट्रोल हॅचबॅक, गेल्या वर्षी जुनी घेतलेली. चिपळूणमध्ये रोज तीन-चार किलोमीटरवर ऑफिस आणि दर शनिवारी कुंभार्ली घाटाने कराडला जाऊन-येऊन. घेतली तेव्हा गाडी १८चे ॲव्हरेज देत होती, आता १५.५वर आली. वडील म्हणतात घाट उतरताना न्यूट्रल कर. मेहुणे म्हणतात पेट्रोल भल्या पहाटे भर. ऑफिसातले एक गृहस्थ पेट्रोलच्या पाइपला बांधायचे लोहचुंबक विकत आहेत, आणि कुणीतरी टाकीत डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या आहेत.

वडिलांपासून सुरुवात करतो, कारण ते त्यांच्या काळात चुकत नव्हते. फियाट किंवा सुरुवातीची मारुती ८०० यांना कार्बोरेटर, म्हणजे हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, होता. उतारावर गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडली तरी चाके इंजिनाला गरागरा फिरवत, आणि इंजिन फिरते म्हटल्यावर कार्बोरेटरमधून थोडेफार पेट्रोल ओढले जाईच. न्यूट्रल केले की इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता जेवढे हळू फिरते त्या गतीवर येई आणि ओढ कमी होई. तेव्हा घाटात न्यूट्रल करणाऱ्याचे चार पैसे खरेच वाचत. ब्रेक तापून पाय खाली गेला की तेच चार पैसे महागात पडत, ती गोष्ट वेगळी.

तुमच्या गाडीला कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणारे इंजेक्टर आहेत. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटर सोडलेला आहे आणि इंजिनचे फेरे आयडलच्या बरेच वर आहेत, हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळले की तो इंजेक्टरच बंद करतो. इंजिन फिरते ते चाकांच्या जोरावर, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलेत की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला आयडलपुरते पेट्रोल द्यावेच लागते. छोट्या इंजिनाला हे तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागते. माथ्यावरून पायथ्याच्या पोफळीपर्यंत वीस मिनिटे धरली तर न्यूट्रलमध्ये दोनेकशे मिली जाळून तुम्ही वर ब्रेकही झिजवता. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर तेच अंतर जवळजवळ फुकटात उतरता. अगदी मंद उताराच्या सरळ रस्त्यावर, जिथे गिअरमध्ये गाडी अडते आणि परत रेस द्यावी लागते, तिथे न्यूट्रलने थोडेसे वाचूही शकेल. पण कुंभार्ली म्हणजे मंद उतार नव्हे. आणि चावी बंद करून उतरायचा विचार तर स्वप्नातही नको: दोन-तीनदा ब्रेक दाबला की त्याला मिळणारी इंजिनाची मदत संपते, पेडल दगडासारखे होते, पॉवर स्टीअरिंग जड होते, आणि चावी जास्त फिरली तर स्टीअरिंग लॉकसुद्धा होते.

आता खरा प्रश्न, १८चे १५.५ का झाले. त्याआधी मला विचारायचे आहे की हे आकडे कुठून आले. डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा असेल तर तो बहुतेक गाड्यांत खऱ्यापेक्षा थोडा गोडच असतो. जुन्या मालकाने सांगितलेला असेल तर बोलायलाच नको. माझ्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे, गेल्या चौदा वर्षांची. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप तुटले की थांबायचे, ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर परत पहिल्या कटपर्यंत भरायचे. झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून काही ठरवू नका, नोझल थोडे आधी-नंतर तुटते. सलग तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. आणि कट झाल्यावर ‘दादा, राउंड फिगर करा’ म्हणून गळ्यापर्यंत भरून घेऊ नका. पेट्रोलची वाफ पकडायला टाकीच्या वाटेवर कोळशाचा डबा असतो, त्यात कच्चे पेट्रोल शिरले की तो खराब होतो.

ही वही नसती तर मी एका हिवाळ्यात पुरता नागवला गेलो असतो. थोडा नागवलो गेलोच. माझी १.२ लिटरची गाडी १७च्या आसपास असायची. उन्हाळ्यात एकदा तापली, एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी ‘काम केले’ म्हणून बिल दिले आणि गाडी परत कधी तापली नाही. मी खूश. डिसेंबरात वहीत बघतो तर १४.२, १४.०, १४.३. मग प्लग बदलले. इंजेक्टर साफ करून घेतले. टाकीत टाकायची बाटली आणली. पैसे गेले, वहीतला आकडा ढिम्म. शेवटी ओळखीचे एक वयस्क वायरमन बाजूच्या सीटवर बसले असताना म्हणाले, ‘साताऱ्यातून निघून लिंब खिंड आली, तरी हा निळा दिवा विझत कसा नाही?’

तो निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड असल्याची खूण. बॉनेट उघडून बघितले तर थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच नव्हता. तापण्यावरचा ‘इलाज’ म्हणून तो काढून फेकला होता. आपल्याकडे हा उद्योग जागोजागी चालतो. व्हॉल्व्ह जाम होऊन गाडी तापली की नवा बसवायच्या ऐवजी काढूनच टाकायचा; ना रहेगा बांस. पण त्या व्हॉल्व्हचे कामच मुळी इंजिन लवकर गरम करून ८० ते ९० अंशांच्या आसपास ठेवण्याचे असते. तो नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतो, इंजिन गार राहते, आणि ईसीयूला वाटते गाडी आत्ताच चालू केलीय. थंड इंजिनाला तो जास्त पेट्रोल देतो, आणि देतच राहतो. नवा व्हॉल्व्ह टाकल्यावर पुढच्या दोन टाक्यांत मी परत १७च्या घरात.

तुमचीही जुनी घेतलेली गाडी आहे म्हणून हे एवढे लांबण लावले. सकाळी गाडी सुरू करा आणि निळा दिवा, किंवा तापमानाचा काटा असेल तर काटा, किती वेळात जागेवर येतो ते बघा. चार-सहा किलोमीटरनंतरही गाडी थंडच दाखवत असेल, हीटर लावला तर कोमटच हवा येत असेल, तर थर्मोस्टॅट तपासायला सांगा. ‘काढलाय पण काही फरक पडत नाही’ असे उत्तर आले तर गॅरेज बदला. रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना स्वतः कधीही उघडू नका, आणि कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतू नका. त्यातल्या क्षारांचे थर आत बसतात, मग गाडी तापते, मग पुन्हा कुणीतरी व्हॉल्व्ह काढतो.

तेही ठीक निघाले तर पुढचे तपासा. पाच-दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या, टेकवू नका. एखादे चाक इतरांपेक्षा फार गरम लागले तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. कोकणात पावसाळा संपल्यावर हे हमखास होते. मग टायर. जुन्या मालकाने ‘गाडी उठून दिसते’ म्हणून रुंद, उंच टायर टाकलेत का ते दाराच्या खांबावरच्या स्टिकरशी ताडून बघा. टायरचा घेर वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटरला ते कळत नाही. किलोमीटर कमी नोंदले जातात आणि ॲव्हरेज कागदावरच पडते. हवाही त्याच स्टिकरप्रमाणे, टायरवर छापलेल्या आकड्याप्रमाणे नाही. तो कमाल मर्यादेचा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. घाट चढून आल्यावर पंपावर गेलात तर तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) जास्त दिसणारच. ती काढून टाकलीत तर घरी पोचेपर्यंत टायर कमी हवेवर आलेला असेल. स्वतःचा गेज घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. मात्र हवेकडून चमत्काराची अपेक्षा नको: चारही टायरांत एक पीएसआय कमी म्हणजे ॲव्हरेजमध्ये साधारण ०.२ टक्का. टायर मात्र कडेने झपाट्याने झिजतो, खरा खर्च तिथे आहे. नायट्रोजनचे पैसे वाचवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट आहे.

इथेनॉलचे काय, हे तुम्ही विचारले नाहीत पण कुणीतरी विचारणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिश्रण धरले तर हिशेबाने शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात टक्क्यांच्या आत-बाहेर घट येते. तुमच्या १८चे त्याने फार तर पावणेसतरा होतील, आणि आधीही पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल होतेच, तेव्हा प्रत्यक्ष फरक त्याहून कमी. म्हणजे १५.५चा सगळा दोष उसाच्या माथी मारता येत नाही. गाडीच्या वयाचा विचार करता रबरी नळ्या आणि इंधनाची पाइप मात्र सर्व्हिसिंगला बघून घ्या.

आणि रोजचे ते तीन-चार किलोमीटर! इंजिन धड गरम व्हायच्या आत तुम्ही ऑफिसात पोचता. या अंतरात कोणतीच पेट्रोल गाडी चांगले ॲव्हरेज देत नाही. गाडी घेतली तेव्हा कराडच्या फेऱ्या जास्त होत्या आणि आता गावातले फिरणे वाढले असेल, तर निम्मे कोडे तिथेच सुटते. शक्य असेल त्या दिवशी चालत जा. हा सल्ला मी स्वतः पाळत नाही, तरी देतो.

पहाटेच्या पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगते. ३० लिटरला एक अंशाचा फरक म्हणजे ३० मिली, तीनेक रुपये. आणि पंपाची टाकी जमिनीखाली असते. पहाटे आणि दुपारी तिच्या तापमानात एवढाही फरक क्वचितच पडतो. मेहुण्यांना झोपू द्या. शंभराऐवजी एकशेदहाचे भरा वगैरेही तसेच. मापाची शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते, ते मागा आणि मोजून घ्या. तो तुमचा हक्क आहे. मागितले की तिथली भाषा एकदम मऊ होते, असा माझा अनुभव.

डांबरगोळी हा जुना, प्रामाणिक समज आहे. गोळीतल्या नॅफ्थलीनने ऑक्टेन, म्हणजे टकटक न होता जळण्याची पेट्रोलची क्षमता, थोडा वाढतो हे खरे, आणि कमी ऑक्टेनच्या पेट्रोलच्या काळात इंजिनाची टकटक कमी होत असेलही. आजच्या पेट्रोलला त्याची गरज नाही, आणि बाजारातल्या पुष्कळ गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच, क्लोरीन असलेल्या दुसऱ्याच रसायनाच्या असतात. ते जळून तयार होणारे आम्ल इंजिनात नको. गोळी कपाटातच बरी.

चुंबकाबद्दल: पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणवणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, लक्षात येईल एवढी बचत कशातच सापडली नाही. पाण्यापासून वायू करून इंजिनात सोडणारे किटही त्याच जातीचे. ज्या विजेवर पाणी फोडायचे ती वीज त्याच इंजिनावर फिरणारा अल्टरनेटर देतो, म्हणजे आपल्याच खिशातले पैसे आपल्याच दुसऱ्या खिशात, वाटेत दलाली देऊन. १९९६मध्ये तमिळनाडूतल्या रामर पिल्ले यांच्या, वनौषधींपासून पेट्रोल बनवल्याच्या दाव्याने सगळा देश हलवला होता. आमच्या गल्लीतही लोक पाला गोळा करायच्या गप्पा मारत होते. गृहस्थ ऐकत नसतील तर त्यांना म्हणा, चुंबक लावून चार टाक्या आणि काढून चार टाक्या वहीत मांडतो, फरक दिसला तर दुप्पट पैसे देईन. माझ्याकडून हा सौदा अजून कुणी घेतलेला नाही.

वाचतेच कशाने? ऑइलच्या ग्रेडने थोडे वाचते. मॅन्युअलमध्ये पातळ, समजा ५डब्ल्यू-३०, दिले असेल तर ‘जुन्या गाडीला जाड बरे’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू देऊ नका. एअर फिल्टर बदला, पण ॲव्हरेजसाठी नव्हे. इंजेक्शनच्या गाडीत तुंबलेला फिल्टर पिकअप मारतो, ॲव्हरेज फारसे नाही. सगळ्यात जास्त वाचते उजव्या पायाने. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०चे १०० केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो. कराडहून पुढे हायवेला लागलात की एक महिना ८५वर चालवून वहीत बघा. गावात, पुढचा सिग्नल लाल दिसला की लगेच पाय काढा आणि गाडी गिअरमध्येच येऊ द्या. घाटातलाच नियम इथेही. एसी गावात खातो, हायवेला खिडक्या उघड्या ठेवण्यापेक्षा तोच बरा. उन्हात तापलेली गाडी मात्र आधी दोन मिनिटे काचा उघडून चालवा, मग एसी लावा.

शेवटी तुम्ही विचारलेले दोन फुटकळ प्रश्न: गाडीवरची लाल धूळ कशी काढायची आणि वायर कुरतडणाऱ्या उंदरांचे काय करायचे. लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसू नका, पॉलिश पेपरने घासल्यासारखे ओरखडे येतात. आधी पाणी मारा, भांड्यांचा साबण नको. आणि उंदरांसाठी तंबाखूची पाने कापडात बांधून बॉनेटखाली, गरम भाग आणि पट्ट्यांपासून लांब अडकवा, दर महिन्याला बदला. माझ्याकडे उपयोग झाला. शेजाऱ्यांच्या उंदरांना बहुधा सवय होती, त्यांची वायर कुरतडलीच.

येत्या शनिवारी निघताना टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा, आणि निळा दिवा वाटेतल्या अलोऱ्याच्या आधी विझतो की नंतर, तेवढे बघून कळवा.